पुली बदलली तर पॉवर वाढते का? आणि कूलिंगचं काय?

क्रँकवरची पुली लहान केली की त्याच बेल्टवरचे वॉटर पंप आणि अल्टरनेटर हळू फिरतात. त्यांना लागणारी ताकद वाचते आणि ती चाकांना मिळते. ‘अंडरड्राइव्ह’ पुलीमागचा दावा एवढाच आहे. प्रोजेक्टसाठी विषय सोपा वाटतो: पुली बदला, आधी आणि नंतर डायनोवर पॉवर मोजा, रिपोर्ट लिहा. पण असा प्रयोग केला तर उत्तर बहुतेक चुकीचं येईल. का, ते बघू.

आधी कागदावर

समजा, क्रँक पुली 150 मिमी आणि पंपाची पुली 125 मिमी आहे. गुणोत्तर 1.2. इंजिन 6000 आरपीएमला असताना पंप 7200 ने फिरतो. आता क्रँकवर 120 मिमीची पुली लावली. गुणोत्तर 0.96 झालं, पंप 5760 वर आला. म्हणजे वेग 20 टक्के कमी.

वॉटर पंप सेंट्रिफ्यूगल असतो. त्याचा प्रवाह साधारण वेगाच्या प्रमाणात बदलतो, पण त्याला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. 0.8 चा घन 0.512. प्रवाह 20 टक्क्यांनीच घटला, पण पंपाची पॉवर जवळपास निम्मी झाली! ऐकायला भारी वाटतं.

पण निम्मी कशाची? 6000 आरपीएमला पंप 2 किलोवॅट घेतो असं धरू. बचत झाली 1 किलोवॅट. इंजिन 75 किलोवॅटचं असेल तर फायदा 1.3 टक्के. 3000 आरपीएमला पंप मुळातच आठव्या हिश्शाची, म्हणजे 0.25 किलोवॅट पॉवर घेतो. तिथे बचत फक्त 0.12 किलोवॅट. रोजच्या चालवण्यात इंजिन याच भागात असतं.

अल्टरनेटरला हा घनाचा नियम लावू नका. दिवे, पंखा, इग्निशन यांना लागणारी वीज तेवढीच राहते. अल्टरनेटर हळू फिरवला म्हणून ती मागणी कमी होत नाही.

मग डायनो काय सांगेल?

इनटेकची हवा 6 अंशांनी तापली तर तिची घनता सुमारे 2 टक्के कमी होते. म्हणजे आपण शोधतोय तो फायदा हवेच्या तापमानातल्या फरकात सहज बुडतो. जुन्या पुलीचे रन दुपारी आणि नव्या पुलीचे संध्याकाळी घेतले, तर ‘पॉवर वाढली’ हे श्रेय पुलीचं की संध्याकाळचं?

त्यात डायनो इनर्शिया प्रकारचा असेल तर हलकी पुली आणखी थोडी भर घालते. ती फिरवायला कमी ताकद लागते, म्हणून ड्रम जरा लवकर वेग पकडतो. हा वजनाचा परिणाम आहे, गुणोत्तराचा नाही. स्थिर वेगावर तो दिसत नाही.

कूलिंग: काटा हलला नाही म्हणजे सगळं ठीक?

इथे दुसरी चूक होते. टेम्परेचरचा काटा जागेवर आहे, म्हणून कूलिंगवर परिणाम नाही असं लिहिलं जातं. पण थर्मोस्टॅटचं कामच तापमान धरून ठेवणं आहे. प्रवाह कमी पडला तर तो जास्त उघडतो. तापमान तेच राहतं, पण हातातली राखीव क्षमता घटते. ती काट्यावर दिसत नाही.

दिसते कुठे? इंजिनमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या कूलंटच्या तापमानातल्या फरकात. उष्णता तेवढीच आणि प्रवाह 0.8 पट असेल, तर फरक 1.25 पट होतो. 8 अंशांचा 10 अंश. दोन सेन्सर लावले की हे मोजता येतं.

‘पाणी हळू गेलं की रेडिएटरमध्ये जास्त थंड होतं’ हेही नेहमी ऐकू येतं. एक लिटर पाणी जास्त थंड होतं हे खरं, पण सेकंदाला जाणारे लिटर कमी होतात. रेडिएटरचं सरासरी तापमान उतरतं, त्यामुळे हवेला दिली जाणारी एकूण उष्णता घटते. मात्र ती 20 टक्क्यांनी घटत नाही. रेडिएटरमध्ये मोठा अडथळा पाण्याच्या नाही, हवेच्या बाजूला असतो.

खरी परीक्षा आयडलिंगला. 800 आरपीएमला पंप 960 ऐवजी 768 ने फिरतो. अल्टरनेटरही मंदावतो, व्होल्टेज पडलं तर इलेक्ट्रिक पंखा हळू होतो, आणि नेमकी तेव्हा पंख्याशिवाय दुसरी हवा नसते. मे महिन्यात एसी लावून सिग्नलला उभी असलेली गाडी आठवा. डायनोवर समोर मोठा ब्लोअर असतो, म्हणून हा प्रश्न तिथे येतच नाही.

एक इशारा: अनेक इंजिनांत क्रँक पुलीतच टॉर्शनल कंपनं शोषणारा डॅम्पर असतो. त्याजागी साधी घट्ट पुली बसवली तर क्रँकशाफ्टला धोका असतो.

प्रयोग कसा आखायचा?

जुनी–नवी–जुनी या क्रमाने रन घ्या. शेवटची जुनी पहिल्या जुनीशी जुळली नाही, तर मधल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ऑइलचं तापमान दर वेळी सारखं ठेवा. शक्य असेल तर पंप मोटरवर वेगळा चालवून त्याचा टॉर्कच मोजा; 75 मधला 1 शोधण्यापेक्षा 2 मधला 1 शोधणं सोपं. कूलिंगची चाचणी आयडलिंगला, ब्लोअर बंद ठेवून घ्या.

थोडक्यात, वरच्या आरपीएमला थोडा फायदा आहे आणि त्याची किंमत खालच्या आरपीएमला मोजावी लागते. रेसच्या गाडीला हा सौदा परवडेल, शहरातल्या गाडीला क्वचितच. आणि सिनॉप्सिस लिहिताना दोन आकडे शेजारी मांडा: अपेक्षित फरक किती, मोजमापातली चूक किती. दुसरा मोठा असेल, तर आधी मोजण्याची पद्धत बदला.