चारचौघांत बोलायची भीती



पाणीवापर संस्थेच्या बैठकीत पाळीचा विषय निघतो. ज्याचे शेत चारीच्या शेवटाला, त्याला पाणी पोचतच नाही. तरी तो मान खाली घालून बसतो. उठायच्या विचारानेच छाती धडधडते, घशाला कोरड पडते. पाणी जाते, पीक जाते. एखादी हुशार मुलगी तोंडी परीक्षेच्या धास्तीने शाळा सोडते. घरचे म्हणतात, ‘स्वभावच बुजरा!’

थोडा संकोच सर्वांनाच असतो. पण भीतीपोटी महिनोन्‌महिने कामे अडू लागली तर तो आजार समजावा. त्यावर उपचार आहेत.

अशा माणसाचे सारे लक्ष स्वतःवर खिळते. ‘आवाज कापतोय का? लोक हसतील का?’ प्रसंग टाळला की घटकाभर बरे वाटते आणि त्यामुळेच भीती पक्की होते.

अमेरिकेत जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याची मुळे बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. सराव साधा आहे. रोज दहा मिनिटे स्वस्थ बसा. श्वास आत येतो, बाहेर जातो, तिकडे लक्ष ठेवा. मन भरकटेल. नांगरताना बैल तासाबाहेर गेला तर आपण त्याला परत तासात आणतो, तसेच मनाला आणा, चिडू नका. ‘लोक हसतील’ हा केवळ विचार आहे, घडलेली गोष्ट नव्हे, हे हळूहळू उमगते. मग बैठकीत छाती धडधडली तरी पाय जमिनीवर टेकलेले जाणवू द्या आणि बोलणाऱ्याकडे लक्ष द्या.

मात्र एवढ्यावर विसंबू नका. कॅनडात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या सरावाने रुग्णांना फायदा झाला; पण विचार तपासून भीतीच्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवणाऱ्या गट-उपचाराचा गुण त्याहून अधिक आला. म्हणून सरावाबरोबर पायरीपायरीने बोलायची सवय करा. आधी दुकानदाराशी दोन शब्द, मग शेजाऱ्यांत, मग बैठकीत एकच वाक्य.

त्रास जास्त असेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. दारू पिऊन धीर आणू नका. त्याने दुखणे वाढते.

आणि घरच्यांनो, त्याची थट्टा करू नका, त्याच्या वतीने बोलूही नका. शेजारी बसा आणि त्याला त्याचे वाक्य पुरे करू द्या.