सातवीची शाळा आणि विसाचा आकडा

मार्च 2024 च्या दहावीत राज्याचा निकाल 95.81 टक्के, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांच्या कोकण मंडळाचा 99.01 टक्के लागला. या यशाचे श्रेय हायस्कुलांना मिळते. मला त्याचा पाया मालवण किनाऱ्यावरच्या सातवीपर्यंतच्या मराठी शाळांत दिसतो.

एके काळी सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ उत्तीर्ण झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ शके. त्यामुळे खेड्यातल्या सातवीलाही वजन होते. लोकल बोर्डाच्या या शाळा 1962 मध्ये जिल्हा परिषदेकडे आल्या. 1981 मध्ये जिल्हा बदलला, शाळा टिकल्या.

आता निकाल वर आणि पट खाली आहे. घरे मुंबईला गेली, उरलेली काही मुले इंग्रजी माध्यमात. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना स्वतंत्र शिक्षक मागतो. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने मात्र विसाच्या आत पट असल्यास या वर्गांना एकही पद ठेवले नाही.

खाडीकाठच्या विखुरलेल्या वाड्यांत वीस मुले जमणे कठीण. मोजायचेच तर डोक्यांबरोबर पुढच्या शाळेचे अंतरही मोजावे, असे मला वाटते.