इजाजत घेऊन काढलेले फोटो

पचमढीच्या सहलीत आम्ही चारशेच्या वर फोटो काढले होते. आज त्यांतले अकरा उरले आहेत, आणि त्या अकरांतल्या एका फोटोमुळे आमच्या चाची दोन वर्षे आमच्याबरोबर कुठेही आल्या नाहीत.

चारशे गेले ते आमच्याच आळसाने. मोबाइल पाण्यात पडला, दुरुस्तीला दिला, परत आला तेव्हा आतले सगळे पुसलेले होते. दुसरीकडे एकही प्रत ठेवलेली नव्हती. अकरा वाचले ते व्हॉट्सअॅपवर गेले होते म्हणून. त्यांतला एक चाचींचा. पहाटे तंबूसमोर बसलेल्या, केस ओले, ओढणी खांद्यावरही नाही, हातात चहाचा कप, कुठल्याशा गोष्टीवर खळखळून हसताहेत. धाकट्या भाच्याने तो गुपचूप काढला आणि लगेच स्टेटसला टाकला. तिथून तो खानदानाच्या ग्रुपवर गेला, ग्रुपवरून चाचींच्या माहेरी. संध्याकाळी त्यांच्या भावाचा फोन आला. फोटो वाईट नव्हता. खरे सांगायचे तर त्या सहलीतला सर्वांत चांगला तोच होता, आणि म्हणूनच तो इतक्या लांब गेला.

गेल्या डिसेंबरात चिखलदऱ्याचा बेत ठरला, तेव्हा चाचींनी दोन अटी घातल्या. फोटो काढण्याआधी विचारायचे. आणि घरी पोहोचून त्यांनी स्वतः पाहिल्याशिवाय एकही फोटो मोबाइलबाहेर जाता कामा नये. मुलांची तोंडे उतरली. जागेवरून फोटो टाकला नाही तर मजा काय, असे त्यांचे म्हणणे. आम्ही चाचींच्या बाजूने उभे राहिलो, थोडे अपराधीपणानेच.

दोन गाड्या फज्रनंतर लगेच निघाल्या. नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर, पुढे अचलपूर-परतवाडा आणि मग सातपुड्याचा घाट. कोंढाळीच्या पुढे एका झाडाखाली पराठे, शामी कबाब आणि थर्मासमधला चहा झाला. तिथेच पुतणीने सगळ्यांच्या मोबाइलमधल्या कॅमेऱ्याचे लोकेशन बंद करून घेतले. हे अनेकांना माहीत नसते: फोटोसोबत तो कुठे आणि किती वाजता काढला, हेही साठवले जाते. मुलींचे फोटो पुढे कोणाकोणाच्या हाती पडतील सांगता येत नाही. निदान मुक्कामाचा पत्ता तरी सोबत जाऊ नये.

मुक्काम अचलपूरजवळ एका परिचितांच्या संत्र्यांच्या बागेत केला. वर जंगलात तंबू ठोकायची गोष्टच नको. गाविलगड आणि भोवतालचे रान मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते, तिथे वनखात्याच्या परवानगीवाचून राहता येत नाही आणि चूल पेटवणे म्हणजे गुन्हा. बागेत मात्र मालकांनी स्वतःच लाकडे आणून दिली.

रात्री मुलांना ताऱ्यांचा फोटो हवा होता. हातात मोबाइल धरून तो येत नाही. अंधारात कॅमेऱ्याला उजेड गोळा करायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात हात हलतो. तिपाई आणलेली नव्हती. पाण्याच्या कॅनवर दोन विटा, विटांना टेकवून मोबाइल आणि तीन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही. मृग नक्षत्राचे तीन तारे स्पष्ट आले. सकाळी तोच मोबाइल थंडीतून तंबूत नेला तर भिंगावर बाष्प धरले. अशा वेळी घाईने शर्टाच्या टोकाने पुसू नये, धुळीचे ओरखडे पडतात. थोडा वेळ तसाच ठेवला की आपोआप निवळते. एरवीही आमच्या निम्म्या फोटोंतला धूसरपणा कॅमेऱ्याचा नसून भिंगाला लागलेल्या बोटांच्या तेलाचा असतो. कबाबानंतर तर विचारूच नका.

तंबूची ताडपत्री जुनी होती. तिला बारीक भोके पडलेली. ऊन वर आले तसे आतल्या चटईवर गोल गोल कवडसे उमटले. भोके वेडीवाकडी आणि कवडसे गोल कसे, असे धाकटीने विचारले. ते कवडसे म्हणजे सूर्याच्या छोट्या प्रतिमाच. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी हाच प्रश्न घेऊन अंधाऱ्या जागेत छिद्रातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोग केले, आणि ग्रहणातल्या सूर्याची कोर छिद्रातून कशी पडते यावर स्वतंत्र लिहून ठेवले. मोबाइलचा कॅमेरा त्याच अंधाऱ्या खोलीचा नातू. धाकटीने चटईचाच फोटो काढला.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचावर. पंचबोल पॉइंटला आवाज दिला की दऱ्या तो परत करतात. मुले तिथे कठड्यापलीकडे सेल्फी घ्यायला निघाली तेव्हा अब्बांनी गाडीतूनच अशी हाक मारली की तिचाही प्रतिध्वनी आला. कडा पाठीशी घेऊन फोटो काढायचाच असेल तर फोटो काढणारा वेगळा असावा आणि उभ्या माणसाने मागे सरकू नये. यापुढे आम्ही यावर वाद घालणार नाही.

पण आम्ही आलो होतो गाविलगडासाठी. १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशाह वली यांनी हा किल्ला बांधवून घेतला. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचे फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क यांनी त्याची डागडुजी केली. आणि आपल्या नागपूरचे भोसले यांच्याकडून तो इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला. इंग्रज सेनापती होते आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारे. दरवाजावर वाघ-सिंह आणि चोचीत हत्ती धरलेला दुतोंडी पक्षी कोरलेला आहे. आत तलाव, तोफा, उंचवट्यावर कमानींची मशीद. कमानीखाली उभ्या माणसांचे फोटो नेहमी काळे येतात, कारण कॅमेरा मागच्या आभाळाचा उजेड मोजतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले की तो चेहऱ्याचा उजेड मोजतो, आभाळ पांढरे पडले तरी चालेल.

अब्बांचे गुडघे गेलेले, वय अठ्ठ्याहत्तर. ते दरवाजापाशी गाडीत बसून राहिले. शाळेत त्यांनी फारसी शिकवली आहे, आणि गडावरच्या १५७७ च्या बुर्ज-ए-बहरामवर फारसी शिलालेख आहे हे त्यांनी वाचलेले होते. चढण्याचा हट्ट त्यांनी केला नाही. एवढेच म्हणाले, "अक्षरे दिसतील असा आणा."

दुपारी एकला काढलेल्या फोटोंत दगड दिसत होता, अक्षरे नव्हती. समोरून पडणाऱ्या उन्हात कोरीव काम सपाट होते. भाच्याने पाणी शिंपडून अक्षरे उठवू का म्हणून विचारले. खडू, तेल, पाणी काहीच नको, असे आम्ही बजावले. साडेचारशे वर्षे टिकलेल्या दगडाला आपल्या एका फोटोपायी का छळायचे? दोन तास थांबलो. ऊन कलले, भिंतीला घासून जाऊ लागले, आणि प्रत्येक अक्षराला आपली सावली आली. फोटो तिरपा येऊ नये म्हणून मोबाइल भिंतीशी समांतर धरला, आधी अख्खा शिला, मग तुकडे तुकडे, प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचे थोडे अक्षर येईल असे.

खाली उतरलो तेव्हा अब्बांनी मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बोलले नाहीत. मग "बुर्ज" वाचले, मग "बहराम." पुढची ओळ झिजलेली होती. ती त्यांनी अजून सोडलेली नाही. रोज अस्रनंतर टॅबवर तोच फोटो उघडून बसतात.

परतताना घाटाच्या वळणावर एक कोरकू बाई डोक्यावर जळणाची मोळी घेऊन चालली होती. मागून सूर्य, अंगावर हिरवे लुगडे. भाच्याने काच खाली केली आणि मोबाइल उचलला. गाडीत कोणालाच काही खटकले नाही, आम्हालाही नाही. चाचींनी त्याचा हात खाली केला.

"माझा काढताना विचारायचे आणि हिचा काढताना नाही?"

भाच्याने गाडी बाजूला घेतली. चाची स्वतः उतरल्या. त्यांची हिंदी आणि त्या बाईची हिंदी, दोन्ही मोडक्या. बाईने मोळी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. सूर्य मागे राहिला नाही, चालण्याची लय गेली. चित्र म्हणून पाहिले तर फोटो साधा आला. तिने तो पडद्यावर पाहिला आणि विचारले, मला मिळेल का? तिच्याकडे मोबाइल नव्हता. बाजाराच्या दिवशी ती चिखलदऱ्यात एका खवेवाल्याच्या दुकानाशी बसते, एवढे तिने सांगितले.

घरी आल्यावर त्याच रात्री सगळे फोटो संगणकावर आणि शिवाय एका पेन ड्राइव्हवर उतरवले. पेन ड्राइव्ह चाचींच्या कपाटात असतो. मग चाचींनी निवड केली. सहाशेंतले नव्वद राहिले. त्यांच्या स्वतःच्या फोटोंपैकी चार ग्रुपवर जाऊ दिले, बाकीचे घरात. छपाईसाठी मूळ फोटोच दिले, कारण व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आकसलेला असतो. चार बाय सहा इंचांच्या स्वच्छ छपाईला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. छत्तीस फोटोंचा अल्बम झाला, आणि मागे पेन्सिलीने नावे व तारखा.

सदतिसावा फोटो लिफाफ्यात घालून परतवाड्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरकडे दिला आहे. खवेवाल्यापर्यंत तो पोहोचला, असा त्याचा फोन आला. बाई अजून बाजाराला आलेली नाही.