आशाताई मोबाईलमध्ये काय भरतात? एक चुकीचा आकडा अन् अनुदान अडकते. ओटीपी देण्याआधी हे वाचाच

घरी आशाताई आल्या की आधार कार्ड, बँक पासबुक, मोबाईल नंबर मागतात. 'कशाला एवढी माहिती?' असा प्रश्न अनेकांना पडतो. पूर्वी रजिस्टरमध्ये होणारी नोंद आता ऑनलाइनही होते. आशा, उपकेंद्राच्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि डेटा एंट्री ऑपरेटर ही कामे करतात. वाडी-वस्तीवर रेंज नसली की आधी वहीत लिहायचे आणि नंतर ऑनलाइन भरायचे, असेही होते. चुका बऱ्याचदा तिथेच होतात.

कोणती नोंद कशासाठी?

गरोदर माता : सिस्टर आरसीएच पोर्टलवर नोंद करून नंबर देतात. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५ हजार, तर दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६ हजार रुपये मिळतात. हे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. बाळंतपणाला माहेरी जाताना हा नंबर आणि माता-बाल कार्ड सोबत न्या. तिकडे पुन्हा नवी नोंद झाली तर घोळ होतो.

बाळाची लस : यू-विनवर नोंद असेल तर पुढच्या डोसचा मेसेज येतो. ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलात तरी तिथल्या केंद्रावर राहिलेला डोस घेता येतो. मात्र मोबाईल नंबर चालू हवा.

क्षयरुग्ण : निक्षय पोर्टलवर नाव आणि बँक खाते बरोबर असेल, तर उपचार सुरू असेपर्यंत पोषण आहारासाठी दरमहा १ हजार रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती.

तिशीच्या पुढचे : आशाताई एक फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, हे विचारतात. लाजून खोटे सांगू नका. कुणाची तपासणी आधी करायची, ते यावरूनच ठरते.

आभा वेगळे, आयुष्मान वेगळे

आभा हा १४ अंकी नंबर आहे. तुमचे रिपोर्ट, औषधे एका ठिकाणी जोडण्यासाठी तो असतो. त्यावर मोफत ऑपरेशन होत नाही. ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचे कार्ड म्हणजे आयुष्मान. आभा काढणे ऐच्छिक आणि मोफत आहे.

ओटीपी कुणाला सांगायचा?

आभा काढताना आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. ओळखीच्या आशाताई किंवा सिस्टर समोर बसून नोंद करत असतील, तरच मेसेज वाचून ओटीपी सांगा. 'आरोग्य केंद्रातून बोलतोय' म्हणत फोनवर कुणी मागितला, तर अजिबात देऊ नका. बँकेचा ओटीपी किंवा एटीएमचा पिन कोणत्याही आरोग्य नोंदीला लागत नाही.

नोंद झाल्यावर एवढे तपासा

- नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का
- जन्मतारीख, शेवटच्या पाळीची तारीख बरोबर आहे का
- मोबाईल नंबर चालू आहे का. नंबर बदलला तर लगेच कळवा
- बँक खात्याला आधार जोडलेले आहे का

चूक दिसली तर उपकेंद्रात सिस्टरना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लगेच सांगा. पैसे अडकल्यावर फेऱ्या मारण्यापेक्षा नोंद होतानाच दोन मिनिटे थांबून स्क्रीन पाहिलेली बरी.