‘करेज’ म्हणजे काळीज

काळाराम मंदिर सत्याग्रहाचा पाठ संपल्यावर आम्ही आठवीच्या मुलांना त्यावर चार ओळी इंग्रजीत लिहावयास सांगितल्या. बहुतेकांनी ‘करेज’ हा शब्द योजला होता. वह्या तपासून परत देताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्यांनी तर कुणावर हात उगारला नाही. नुसते दारात बसले. त्याला करेज म्हणायचे का?” त्या ‘नुसते’ने आम्हांला शब्दकोश उघडावयास लावला.

‘करेज’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘कोर’ हा शब्द आहे. कोर म्हणजे हृदय. जुन्या फ्रेंच भाषेतून तो इसवी सन 1300च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ शौर्य एवढाच नव्हता. मन, वृत्ती, इच्छा, जे जे हृदयात वसते ते सारे ‘करेज’ होते. चौदाव्या शतकातील कवी चॉसर तो शब्द याच व्यापक अर्थाने वापरतो. संकटात न डगमगणे हा अर्थ पुढे उरला आणि बाकीचे गळून पडले. विशेष म्हणजे लॅटिनमधील कोर, ग्रीकमधील कार्डिया (हृदयाच्या डॉक्टरांना आपण कार्डिऑलॉजिस्ट म्हणतो तो यावरूनच), इंग्रजीतील हार्ट आणि आपले हृदय ही एकाच प्राचीन मूळ शब्दाची लेकरे आहेत. पालीत तेच ‘हदय’ होते. आपली बोलीही शूराला ‘वाघाच्या काळजाचा’ म्हणते. काळीज म्हणजे नेमके हृदय की यकृत, याचा निवाडा करण्याची गरज बोलीला कधी भासली नाही, आणि तिचे काही अडलेही नाही.

धैर्याला दुसरा एक शब्दवंश आहे, आणि तो आम्हांला अधिक विचारात पाडतो. आपला ‘वीर’ आणि लॅटिनमधील ‘विर’ हे सख्खे भाऊ. विर म्हणजे पुरुष. रोमन लोकांनी त्यावरून ‘विर्तुस’ हा शब्द घडविला. त्याचा पहिला अर्थ मर्दानगी, मग शौर्य, मग सद्गुण. इंग्रजीतील ‘व्हर्च्यू’ त्याचाच वारस. म्हणजे सद्गुण आणि शौर्य ही पुरुषांचीच मिरास, असे या शब्दांनी आधीच ठरवून टाकलेले. तथागतांच्या धम्मात मात्र याच वीरापासून झालेल्या ‘विरिय’ शब्दाचा अर्थ वळला. तेथे विरिय म्हणजे तलवार नव्हे, तर हाती घेतलेले न सोडणारा अखंड प्रयत्न. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सांगितलेल्या दहा पारमितांपैकी ती एक आहे, आणि भिक्खूंइतकीच ती भिक्खुणींचीही आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. 2 मार्च 1930 रोजी हजारो माणसांची शिस्तबद्ध मिरवणूक पंचवटीत मंदिराशी पोहोचली, तेव्हा दारे बंद होती. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी चारही दारांशी बसली : 125 पुरुष आणि 25 स्त्रिया. 9 एप्रिलला, रामनवमीच्या रथाच्या दिवशी, सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. बाबासाहेब त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, तरी दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा थांबू दिला नाही. दगड उचलावयास फार काळीज लागत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने आजचा रोजगार बुडवून बंद दारासमोर बसावे, उद्याही बसावे, हे त्याहून कठीण. म्हणून ‘नुसते बसले’ हे वर्णन आम्हांला मान्य नाही. आणि त्या 25 जणींना ‘वीर’ या शब्दात जागा करून द्यावी लागते; ‘करेज’मध्ये ती मुळातच आहे, कारण काळीज सर्वांनाच असते.

मराठीत याला नेमका शब्द ‘धीर’. धीर म्हणजे धैर्य आणि धीर म्हणजे सबुरीही. धम्मपदात तर ‘धीर’ हे शहाण्या माणसाचे नाव म्हणून पुनःपुन्हा येते. इंग्रजीतील ‘एन्करेज’चे भाषांतर पाठ्यपुस्तके ‘प्रोत्साहन देणे’ असे करतात. आम्ही वर्गात ‘धीर देणे’ असे सांगतो. शब्दशः पाहिले तर त्याचा अर्थ आत काळीज घालणे असा होतो. मार्च 1934मध्ये दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा आरंभिला नव्हता. त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चैतन्य यावे, यासाठी तो होता. आम्हांला हे पत्र ‘एन्करेज’ या शब्दाचे सर्वोत्तम विवरण वाटते. दार उघडले नाही, पण 13 ऑक्टोबर 1935 रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हा ती ऐकणारी माणसे 1930ची राहिली नव्हती.

त्या विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न होता, “त्या पंचवीस बायकांची नावे काय होती, सर?” ज्या माजी विद्यार्थ्यांच्या आज्या-पणज्या त्या दारांशी बसल्या होत्या, त्यांनी त्यांची नावे, गावे आणि घरात ऐकलेल्या आठवणी लिहून विद्यालयाकडे पाठवाव्यात. यंदाच्या 2 मार्चला आठवीच्या वर्गात त्या वाचावयाच्या आहेत.