पन्नास वर्षांची अट

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात ‘प्रीमियर पद्मिनी’ आता मानाने उभी राहू शकते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘विंटेज’ ठरते. ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातूनच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीही निघाली. पण टॅक्सीला मुंबईत वयोमर्यादा २० वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पन्नाशी तिला गाठताच येत नव्हती.

म्हणून मेळाव्यातले स्मरणरंजन मालकांचे असते. त्याच गाडीवर पोट भरणाऱ्या चालकांची आठवण अभ्यासकांनी वेगळी नोंदवायला हवी.