हवाई बेटांवरची लोकरीत

हवाईच्या मूळ रहिवाशांच्या चालीरीतींचे मूळ जमिनीशी असलेल्या नात्यात आहे. पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडनौकांतून या बेटांवर आले, तेव्हा त्यांनी कालोचे कंद सोबत आणले. कालो म्हणजे आपले अळूच. कोकणात मान पानांना, तर हवाईत कंदाला. लोककथेप्रमाणे आकाशपिता वाकेआचा पहिला मुलगा मृत जन्मला आणि त्याला पुरले तिथे कालो उगवला. मागून जन्मलेला हालोआ माणसांचा पूर्वज ठरला. म्हणून कालो हा थोरला भाऊ. धाकट्याने त्याची निगा राखायची, त्याने धाकट्याला पोसायचे.

या कंदापासून पोई करतात. शिजवलेले कंद सोलून लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटायचे, अधूनमधून पाण्याचा हात लावायचा आणि गुळगुळीत, चिकट लगदा करायचा. ताजी पोई गोडसर लागते. दोन-तीन दिवसांत ती आंबते आणि कित्येकांना तशीच आवडते. पोईचे भांडे उघडे असताना भांडण काढायचे नाही, ही जुनी शिस्त.

पूर्वी जेवणावर ‘कापू’ म्हणजे धार्मिक निर्बंधांचा पहारा होता. स्त्री-पुरुषांच्या पंगती वेगळ्या असत. डुकराचे मांस, केळी आणि नारळ स्त्रियांना वर्ज्य होते. 1819 मध्ये राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंगतीला बसला आणि ही व्यवस्था मोडली. जमिनीची जुनी वाटणी मात्र बोलण्यात टिकली. डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या पट्ट्याला ‘आहुपुआआ’ म्हणत. आजही पत्ता सांगताना ‘माउका’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘माकाई’ म्हणजे समुद्राकडे, असेच सांगतात.

कुटुंब म्हणजे ‘ओहाना’. त्यात रक्ताची नाती येतात, तशी ‘हानाई’ म्हणजे मूल दुसऱ्या घरी वाढवायला देण्याच्या प्रथेने जुळलेलीही येतात. राणी लिलिउओकालानी अशीच दुसऱ्या घरी वाढली. बाळाचा पहिला वाढदिवस आजही थाटात होतो. घरात शिरताना चपला दाराशी काढण्याची सवय, आशियाई मजुरांच्या वस्तीनंतर, सर्व बेटांवर रुळली आहे.

फुलापानांची, शिंपल्यांची ‘लेई’ स्वागताला, पदवीदानाला, लग्नाला आणि अंत्यविधीलाही घालतात. देणाऱ्यासमोर ती काढून ठेवणे असभ्य मानतात. गरोदर स्त्रीला टोके न जुळवलेली लेई देतात. सुकलेली लेई कचऱ्यात न टाकता झाडाला अडकवतात किंवा मातीत मिसळू देतात. 1928 पासून 1 मे हा लेई दिन म्हणून साजरा होतो.

हुला नृत्याने वंशावळी आणि देवकथा पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. मिशनरी 1820 मध्ये आले. त्यांच्या प्रभावाखाली 1830 मध्ये राणी काआहुमानूने जाहीर हुलाला बंदी केली. राजा कालाकाउआने 1883 च्या आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात हुलाला पुन्हा मानाने उभे केले. 1893 मध्ये राजसत्ता उलथवली गेली आणि 1896 च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. त्यानंतर हवाईयन भाषा घराघरांतून ओसरली.

पुनरुज्जीवनाला 1970 च्या दशकात जोर आला. ‘होकुलेआ’ ही जोडनौका 1976 मध्ये आधुनिक उपकरणांवाचून, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधारे ताहितीला पोहोचली. 1978 मध्ये हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली आणि 1984 पासून ‘पूनाना लेओ’ बालवाड्यांत मुले ती बोलायला शिकू लागली. हिलोचा ‘मेरी मोनार्क’ महोत्सव दरवर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात भरतो. त्यातल्या स्पर्धेसाठी हुला गुरूंचे शिष्य कित्येक महिने सराव करतात. पर्यटकांपुढच्या कार्यक्रमांपेक्षा ही रीत टिकवण्यात गुरू, शाळा आणि घरची पंगत यांचा वाटा मोठा आहे.